अंबेच्या खोऱ्यातले विहार

हिमालयातले स्पितीचे खोरे पाहून आलेली माणसे आता आपल्याकडे गावोगावी भेटतात. मीही जाऊन आलो आहे. तिथला ताबोचा मठ इ. स. ९९६ मध्ये गुगेचा राजा येशे-ओ याच्या काळात उभा राहिला. जाड मातीच्या भिंती, बाहेरून साध्या, आतून चित्रांनी भरलेल्या. १९९६ मध्ये मठाला हजार वर्षे झाली तेव्हा दलाई लामांच्या उपस्थितीत तिथे कालचक्राचा सोहळा झाला. भिक्षू आजही तिथे राहतात, पाठ म्हणतात, दिवे लावतात. पाहणारा भारावून जातो, आणि ते योग्यच आहे.

पण मी पडलो नागोठण्याचा. आमच्या अंबा नदीच्या खोऱ्यात ताबोच्याही सुमारे हजार वर्षे आधी बौद्ध विहार नांदत होते, हे आमच्याच भागात किती जणांना ठाऊक असेल? पालीच्या बल्लाळेश्वराला दरवर्षी लाखो भाविक येतात. तिथून नाडसूरकडे वळणारे मात्र थोडेच. नाडसूरच्या पुढे ठाणाळे गाव लागते आणि गावामागच्या रानातून तास-दीड तास चढले, की सह्याद्रीच्या कुशीत ठाणाळ्याची लेणी दिसतात. एकूण २३. त्यांत एक चैत्य, एका लेण्यात स्तूपांचा समूह आणि बाकीचे बहुतेक विहार. एका विहारात गजलक्ष्मी आणि नाग कोरलेले आहेत. बुद्धाची मूर्ती नाही, कारण ही लेणी मूर्ती घडवण्याचा प्रघात पडण्यापूर्वीची, इसवी सनाच्या आगेमागची. नेणवलीजवळ खडसांबळ्याला असाच दुसरा समूह आहे.

एवढ्या आडरानात भिक्षू कशासाठी येऊन राहिले, असे आपल्याला वाटते. उत्तर असे की त्या काळी हे आडरान नव्हतेच. भरतीचे पाणी धरमतरच्या खाडीतून नागोठण्यापर्यंत चढते. तिथवर गलबताने आलेला माल पुढे बैलांच्या पाठीवरून घाट चढायचा. ठाणाळ्यावरून वाघजाईचा घाट तैलबैलाला जातो आणि वर मावळात गेले की भाजे, कार्ले, बेडसे ही लेणी आहेत. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंना एका जागी राहावे लागे. भिक्षा मिळेल इतके जवळ आणि गलबला पोचणार नाही इतके दूर, असे ठिकाण त्यांना हवे असे. व्यापाऱ्यालाही घाटाखाली पाणी आणि निवारा हवाच होता. अशी ही दोघांची सोय होती.

ही लेणी कोणाच्या पैशाने झाली, याचे उत्तर दक्षिणेकडे तळा तालुक्यातल्या कुड्याच्या लेण्यांत मिळते. राजपुरीच्या खाडीवरची ही २६ लेणी. तिथले ब्राह्मी लेख वाचले की प्राचीन कोकणातली माणसे एकेक करून समोर उभी राहतात. महाभोज मांदव खंदपालित हा तिथला सत्ताधीश. त्याच्या पदरी असलेला सिवभूती नावाचा लेखक, म्हणजे आपल्या भाषेत कारकून, बायको नंदा हिच्यासह एक लेणे देतो. दुसऱ्या लेण्यात त्याच्या धाकट्या भावाच्या, सिवमाच्या, घरच्यांनी वाटे घेतले आहेत. कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी आहे, एक वैद्य आहे, मुगुदास नावाचा माळी आहे. भायिला नावाच्या ब्राह्मण स्त्रीने चैत्यगृह दिले आहे. सगळे राजाने केले असे समजायची आपल्याला सवय. इथे तर माळी आणि कारकून दाते आहेत!

मग हे सारे गेले कुठे? कोणी एका दिवसात मोडून टाकले, अशी कथा सांगता येत नाही. समुद्रापारचा व्यापार आटला, देणारे हात कमी झाले, राजाश्रय दुसरीकडे वळला. कान्हेरीला शिलाहारांच्या अमलात, नवव्या शतकातही दाने मिळत होती, असे तिथले लेख सांगतात. डोंगरातले लहान विहार मात्र ओस पडले. पुढे १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये तिथूनच रेल्वे वर गेली आणि वाघजाईसारख्या वाटांवरची उरलीसुरली वर्दळही संपली. विहार आधी रिकामे झाले, वाट नंतर. १८९० च्या सुमारास, हा मुलूख भोर संस्थानात असताना, रेव्हरंड अ‍ॅबट यांनी या लेण्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि १८९१ मध्ये हेन्री कझिन्स यांनी त्यांचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला.

ताबोत परंपरा अखंड राहिली, आपल्याकडे तुटली, असे म्हणून इथेच थांबता येईल. पण ते अर्धेच खरे. याच महामार्गावर नागोठण्याच्या दक्षिणेला महाड आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथल्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि त्यानंतर कोकणातल्या वाड्यावस्त्यांवर बुद्धवंदना पुन्हा ऐकू येऊ लागली. राजाच्या आज्ञेने नव्हे, आणि व्यापाऱ्याच्या दानानेही नव्हे. ज्यांना पाण्यापासून दूर ठेवले होते, त्यांनी हा धम्म आपल्या हाताने परत आणला. स्पितीच्या खोऱ्याला असा इतिहास नाही.

म्हणून ठाणाळ्याला जाताना 'पडकी लेणी' पाहायला चाललो, असे समजून जाऊ नका. पावसाळा टाळा, गावातला वाटाड्या सोबत घ्या, कारण रानात वाटा फुटतात. पाण्याची बाटली परत आणा. आणि भिंतीवर कोळशाने आपले नाव लिहायचा मोह झालाच, तर कुड्याच्या सिवभूतीची आठवण ठेवा. त्याचे नाव दोन हजार वर्षे टिकले, ते त्याने नुसते नाव कोरले म्हणून नव्हे. नावाआधी त्याने इतरांना राहायला एक घर दिले होते.