अग्निवाचक शब्द (नांदेड–लातूर परिसर)

नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या बोलण्यात ‘अग्नी’ हा संस्कृत शब्द होम, लग्नविधी आणि अंत्यसंस्कार (‘अग्नी देणे’) यांपुरताच उरला असून रोजच्या व्यवहारातले त्याचे काम आग, विस्तव, जाळ आणि आर या शब्दांनी वाटून घेतले आहे. ‘आग’ हा प्राकृत ‘अग्गि’मार्गे आलेला त्याचाच तद्भव, म्हणजे लोकांच्या तोंडी झिजून घडलेला शब्द असला, तरी त्याला बहुधा नुकसानीची छटा असते : आग कडब्याच्या गंजीला किंवा गोठ्याला लागते, आणि मिरची कुटताना हातांची होते तीही आगच. चुलीत असतो तो विस्तव, खेड्यातल्या उच्चारात ‘इस्तू’. घरोघर काडेपेटी नसण्याच्या काळात तो शेजारून गोवरीच्या तुकड्यावर मागून आणत, आणि हाडवैर असलेल्यांत विस्तव जात नाही, असे आजही म्हणतात. जाळ म्हणजे वर उठणारी ज्वाला, तर आर म्हणजे ती शमल्यावर उरणारे धगधगते निखारे.

हा शेवटचा भेद हुरड्याच्या दिवसांत नेमका कळतो. शेतात उथळ खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवतात, त्याला आगटी म्हणतात; जाळ बसून आर पडल्याशिवाय ज्वारीची कोवळी कणसे तीत खुपसत नाहीत, कारण जाळावर दाणा वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. भाजलेले कणीस गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे मोकळे करतात. किनवट–माहूरच्या सागवानी जंगलात उन्हाळ्यात पसरणाऱ्या आगीला मात्र वणवा हा स्वतंत्र शब्द आहे.

लॅटिनमध्येही अशीच वाटणी होती. ‘इग्निस’ हा ‘अग्नी’चा सगोत्र शब्द सर्वसाधारण अग्नीसाठी, ‘फ्लाम्मा’ ज्वालेसाठी, ‘इन्केन्दियुम’ घरेदारे जाळणाऱ्या आगीसाठी आणि ‘फोकुस’ चुलीसाठी वापरीत. पुढे लोकभाषेत ‘इग्निस’ मागे पडला आणि चुलीचा शब्दच आगीचा झाला, त्यातूनच स्पॅनिश ‘फ्वेगो’ व इटालियन ‘फुओको’ आले, तर केप्लरने १६०४ मध्ये प्रकाशकिरण एकवटतात त्या बिंदूला ‘फोकुस’ हे नाव दिले. मराठीत चूल चूलच राहिली. सीमेपलीकडच्या तेलुगूतील ‘निप्पु’ व कन्नडमधील ‘बेंकी’ हे शब्द देगलूर–उदगीर भागातील द्विभाषिक घरांत ऐकू येतात, पण प्रमाण मराठीत ते शिरलेले नाहीत. गॅसच्या शेगडीवर आर पडत नाही. त्यामुळे शहरी घरांत हा शब्द आता हुरड्याच्या बेतापुरताच निघतो.