ओसरीवरची शाळा

‘मुलाचे नाव स्वयंसेवी मार्गदर्शकाकडे घालावे काय?’ असे पालक मला विचारतात. प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. पेडणे व डिचोली हे महाल 1788 पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली आले. सरकारी शिक्षण मुख्यतः पोर्तुगीज भाषेतून; मराठीची सोय मात्र बहुतेक लोकांनीच करावयाची. मग देवळाच्या मंडपात, नाही तर कुणाच्या ओसरीवर शाळा भरे. 1910 साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंना समान हक्क मिळाले, आणि अशा शाळांना जोर चढला. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेचे नावच पाहा ना: घरोघरची मूठमूठ मदत त्यात आहे.

तिकडे न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातील कारकून अर्नेस्ट कूल्टर याने 1904 साली आवाहन केले की, एकेका गृहस्थाने एकेका मुलाचा वडील भाऊ व्हावे. कल्पना उदात्त खरी. पण एक फरक माझ्या मनातून जात नाही. आपली ओसरी उघडी होती. मास्तर काय शिकवतो, कुणावर हात उगारतो, हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसे. मूठ देणाऱ्याला जाब विचारता येई. एकास एक अशा मैत्रीत ती उघडी ओसरी कोठून आणावयाची?

गेल्या महिन्यात डिचोलीच्या एका आईने अर्ज हाती घेऊन विचारले, “भेटी कुठे होणार? तेव्हा आणखी कोण असेल?” समोरचे गृहस्थ जरा चपापले. उत्तर मिळेपर्यंत बाईंनी सही केली नाही.