चार वर्षांचा पास्टर, सोळाव्या वर्षी कफल्लक आणि पुढे हॉलिवूडचा नट : मार्जो गॉर्टनरची गोष्ट

चार वर्षांचं पोर काय करतं? अंगणात खेळतं, चॉकलेटसाठी हट्ट करतं, फार तर पाहुण्यांसमोर एखादी कविता म्हणून दाखवतं.

अमेरिकेतल्या एका चार वर्षांच्या पोराने मात्र चक्क एका जोडप्याचं लग्न लावलं होतं. नवरा-नवरी समोर उभे, मध्ये हा चिमुकला पास्टर आणि भोवती कॅमेरे. लग्नाचे सगळे विधी त्याने तोंडपाठ म्हणून दाखवले. ‘जगातला सगळ्यात लहान धर्मोपदेशक’ म्हणून त्याचं नाव देशभर झालं.

या पोराचं नाव मार्जो गॉर्टनर. बालकलाकार मोठेपणी पास्टर झाल्याच्या गोष्टी अधूनमधून ऐकायला मिळतात. मार्जोचा प्रवास नेमका उलटा झाला. तो आधी पास्टर होता, नंतर नट. पण त्याची गोष्ट नीट पाहिली तर तो पहिल्या दिवसापासून बालकलाकारच होता, फक्त त्याचं थिएटर वेगळं होतं.

नावातच देव

मार्जोचा जन्म १४ जानेवारी १९४४ चा, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा. मेरी आणि जोसेफ ही येशूच्या आईवडिलांची नावं जोडून ‘मार्जो’ हे नाव तयार केलेलं. घरात धर्मोपदेशाची परंपरा होती, वडील तिसऱ्या पिढीतले प्रचारक.

मार्जो तीनेक वर्षांचा असताना वडिलांच्या दोन गोष्टी लक्षात आल्या. पोरगं कुणाचीही हुबेहूब नक्कल करतं आणि अनोळखी माणसांसमोर अजिबात बुजत नाही. तिथून तालीम सुरू झाली. लांबलचक प्रवचनं पाठ करायची, कुठे आवाज चढवायचा, कुठे हात उंचावायचा, कुठे पुढे झेप घ्यायची, सगळं ठरलेलं.

अंघोळ करताना देवाने मुलाला साक्षात्कार दिला, असं आईवडील लोकांना सांगत. मोठेपणी मार्जोने सांगितलं, की ही गोष्ट खोटी होती आणि ती त्याच्याकडून वदवून घेतली जायची. पाठांतरात चूक झाली तर शिक्षा व्हायची, पण मारहाण नाही. कारण मारलं तर वळ उठतात आणि वळ लोकांना दिसतात. म्हणून पोराचं डोकं पाण्याखाली धरलं जायचं, नाहीतर तोंडावर उशी दाबली जायची.

तंबूतली कमाई

त्या काळी अमेरिकेच्या ग्रामीण भागात, विशेषतः दक्षिणेकडे, ‘रिव्हायव्हल’ मेळावे जोरात चालायचे. गावाबाहेर मोठा तंबू ठोकायचा, गाणी-बजावणी, तावातावाने प्रवचन, आजाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना आणि मग दानासाठी फिरणारी थाळी. पेन्टेकोस्टल पंथाच्या लोकांमध्ये हे मेळावे फार लोकप्रिय होते. देव माणसाच्या अंगात संचारतो आणि आजार बरे करतो, यावर तिथे येणाऱ्यांची मनापासून श्रद्धा असायची.

अशा तंबूत उभा राहणारा लहानगा मार्जो म्हणजे गर्दी खेचणारं हुकमी नाणं. बरं होण्याचं आश्वासन देऊन ‘पवित्र’ वस्तू विकल्या जायच्या. सोळा वर्षांचा होईपर्यंत आपल्या जिवावर घरात सुमारे ३० लाख डॉलर आले असावेत, असा अंदाज मार्जोने पुढे सांगितला.

त्यातलं त्याच्या हाती काय आलं? काहीच नाही. सोळावं लागल्यावर थोड्याच दिवसांत वडील पैसे घेऊन निघून गेले.

कायदा होता, पण त्याच्यासाठी नव्हता

मुलाच्या कमाईवर आईवडिलांनीच हात मारण्याचा प्रकार कॅलिफोर्नियाला नवा नव्हता. १९२१ साली चार्ली चॅप्लिनच्या ‘द किड’मध्ये झळकलेला जॅकी कूगन हा हॉलिवूडचा पहिला मोठा बालतारा. मोठा झाल्यावर त्याला कळलं, की आपली लाखोंची कमाई आई आणि सावत्र वडिलांनी उडवली आहे. तो कोर्टात गेला, पण हाती फारच थोडी रक्कम लागली. या प्रकरणावरून मोठा गदारोळ झाला आणि १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाने बालकलाकारांच्या कमाईचा काही भाग राखून ठेवणारा कायदा केला. तो ‘कूगन कायदा’ म्हणूनच ओळखला जातो.

म्हणजे मार्जो जन्मला तेव्हा कायदा होता. पण तो होता करारावर काम करणाऱ्या कलाकारांसाठी. तंबूत जमा होणारे पैसे कुणाचा पगार नव्हते, ते देवाच्या नावाने दिलेलं दान होतं. त्यामुळे पोराची मेहनत कुठल्याच हिशेबात आली नाही.

पुन्हा त्याच तंबूत

आईला सोडून मार्जो सॅन फ्रान्सिस्कोला गेला. काही वर्षं हिप्पींसारखी भटकंती केली. विशीत पोहोचल्यावर खिसा रिकामा झाला. शाळा-कॉलेज नाही, दुसरं कुठलं काम येत नाही. येत होती ती एकच गोष्ट, प्रवचन.

तो परत तंबूत उभा राहिला. या वेळी स्टाइल नवी होती. स्टेजवरची चाल, उड्या, हातवारे यासाठी त्याने रॉक गायक मिक जॅगरचा आदर्श घेतला. लोक पुन्हा येऊ लागले, पैसाही येऊ लागला. सहा महिने प्रवचन करायचं आणि त्या पैशावर उरलेले सहा महिने कॅलिफोर्नियात आरामात राहायचं, असा त्याचा क्रम होता.

अडचण एकच होती. तो जे सांगत होता, त्यावर त्याचा स्वतःचा विश्वास नव्हता. हळूहळू मन खायला लागलं. समोर रडणारी, थरथरणारी माणसं खरी होती, स्टेजवरचा माणूस मात्र अभिनय करत होता.

कॅमेऱ्यासमोर कबुली

१९७१ मध्ये हॉवर्ड स्मिथ आणि सारा कर्नोचन हे दोन दिग्दर्शक मार्जोसोबत एका दौऱ्यावर निघाले. हा त्याचा शेवटचा दौरा ठरणार होता. कॅलिफोर्निया, टेक्सास, मिशिगन अशा ठिकाणी मेळावे झाले. संध्याकाळी मार्जो स्टेजवर गर्जायचा आणि नंतर कॅमेऱ्यासमोर निवांत बसून सगळ्या क्लृप्त्या उलगडून सांगायचा. हॉटेलच्या खोलीत दानाच्या नोटा मोजतानाही त्याने शूटिंग करू दिलं.

यातून तयार झाला ‘मार्जो’ हा माहितीपट. तो १९७२ मध्ये आला आणि त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर मिळालं.

तरीही एक प्रश्न उरतोच. मेळाव्यांना आलेल्या श्रद्धाळू लोकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, आपल्या आवडत्या पास्टरवर फिल्म बनते आहे. फसवणूक उघड करण्यासाठी मार्जोने त्यांना शेवटचं एकदा फसवलंच. दक्षिणेतली धार्मिक मंडळी चिडतील या भीतीने वितरकांनी तिकडे माहितीपट फारसा दाखवला नाही. म्हणजे ज्यांनी तो पाहायला हवा होता, त्यांच्यापर्यंत तो पोहोचलाच नाही. पुढे तो विस्मरणात गेला आणि २००५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पुन्हा पडद्यावर आला.

मग आला हॉलिवूड

माहितीपटानंतर धर्मोपदेशाची दारं बंद झाली, पण सिनेमाची उघडली. १९७४ च्या ‘अर्थक्वेक’मध्ये मार्जोने भूकंपाच्या गोंधळात माथेफिरूसारखा वागणारा नॅशनल गार्डचा जवान रंगवला. ‘द फूड ऑफ द गॉड्स’ (१९७६), ‘स्टारक्रॅश’ (१९७८) असे सिनेमे त्याने केले. सुपरस्टार तो कधीच झाला नाही, पण काम मिळत राहिलं.

गंमत म्हणजे पास्टरने त्याची पाठ काही सोडली नाही. १९७४ च्या ‘द गन अँड द पल्पिट’मध्ये त्याने पास्टरचं सोंग घेतलेल्या बंदूकबाजाची भूमिका केली. १९९५ च्या ‘वाइल्ड बिल’मध्येही तो धर्मोपदेशकच होता.

आज काय बदललंय?

२००० साली कूगन कायद्यात सुधारणा झाली. आता कॅलिफोर्नियात बालकलाकाराची कमाई कायद्याने त्याचीच मानली जाते आणि त्यातला १५ टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. भारतातही २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराच्या कमाईतली किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत टाकावी लागते आणि दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही.

हे नियम सेटवर काम करणाऱ्या मुलांना उपयोगी पडतात. पण लहान मुलाला ‘दैवी’ ठरवून स्टेजवर उभं केलं, की त्याच्या कामाला कुणी काम म्हणत नाही. मग तासही मोजले जात नाहीत आणि पैसेही. मार्जोच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं.