एमटीएचएफआर जनुकातील उत्परिवर्तने

एमटीएचएफआर : फोलेट या ब गटातील जीवनसत्त्वाचे शरीरात रूपांतर करणारे एक विकर ज्या जनुकावरून तयार होते, ते जनुक. ते पहिल्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर असते. विकराचे पूर्ण नाव मेथिलिन-टेट्राहायड्रोफोलेट रिडक्टेज; प्रयोगशाळेतही ते सहसा कोणी उच्चारत नाही.

पालेभाज्या, डाळी, कडधान्ये यांतून पोटात गेलेल्या फोलेटला हे विकर ५-मेथिल रूप देते. त्यातला मेथिल गट ब-१२ जीवनसत्त्वाच्या मध्यस्थीने होमोसिस्टीनला मिळतो आणि त्यापासून मेथिओनिन हे अमिनो आम्ल बनते. विकर मंदावले, की होमोसिस्टीन रक्तात साचू लागते.

या जनुकातले सर्वांत गाजलेले उत्परिवर्तन जनुकाचा क्रम माहीत होण्याआधीच हाती लागले होते, तेही परीक्षानळीत. शिकागोतील कांग व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये काही व्यक्तींच्या पांढऱ्या पेशींचा अर्क ४६ अंश सेल्सिअसला काही मिनिटे तापवून पाहिला. बहुतेकांचे विकर तग धरून राहिले, काहींचे मात्र झपाट्याने निकामी झाले. या प्रकाराला ‘उष्णतेला न टिकणारे’ असे वर्णनात्मक नाव पडले. कारण सापडले १९९५ मध्ये, माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील रिमा रोझेन यांच्या गटाला: जनुकातील ६७७व्या जागी सायटोसीनऐवजी थायमीन. एवढ्या एका अक्षराच्या बदलाने प्रथिनातील २२२वे अमिनो आम्ल अ‍ॅलॅनिनऐवजी व्हॅलिन होते. आई आणि वडील अशा दोघांकडूनही हा बदल आला (दुहेरी बदल), तर विकराची क्षमता सुमारे ३० टक्के उरते. एकाकडूनच आला, तर सुमारे ६५ टक्के.

मग विकर नेमके ढिले कुठे पडते? मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९९ मध्ये ई. कोलाय या जिवाणूतील त्याच विकराची रचना उलगडली, तेव्हा उत्तर मिळाले. बदल विकराच्या मुख्य कामाच्या जागी नाहीच. ब-२ जीवनसत्त्वापासून बनणारा एफएडी हा साहाय्यक रेणू विकराने धरून ठेवायचा असतो, ती पकड सैल होते. भोवती फोलेट भरपूर असेल, तर मात्र ती टिकते. ताटात काय आहे यावर जनुकाचा परिणाम ठरतो, तो असा. उत्तर आयर्लंडमधील अल्स्टर विद्यापीठाच्या प्रयोगांत दुहेरी बदल असलेल्यांना रोज १.६ मिलिग्रॅम ब-२ दिल्यावर होमोसिस्टीन घटले, पुढच्या चाचण्यांत रक्तदाबही. एवढ्या साध्या उपायाची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

प्रसार : मेक्सिको, दक्षिण इटली आणि उत्तर चीनमध्ये दुहेरी बदल बराच आढळतो, आफ्रिकी वंशाच्या लोकांत क्वचित. भारतात ६७७चे प्रमाण कमी असून त्याच जनुकातील १२९८व्या जागचा, तुलनेने सौम्य बदल अधिक दिसतो.

महाराष्ट्रात होमोसिस्टीन वाढण्याचे कारण बहुधा वेगळेच असते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे शहर व परिसरातील ४४१ पुरुष तपासले. त्यांतील ६७ टक्क्यांत ब-१२ कमी होते आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेले (२००६). फोलेटची कमतरता क्वचितच होती. शाकाहारी घरांत जनुकाकडे बोट दाखवण्याआधी ब-१२ मोजावे, हे यावरून उघड आहे.

गर्भावस्था : गर्भाची मेंदू व मज्जारज्जू घडवणारी नळी नीट न मिटण्याचा धोका ६७७च्या दुहेरी बदलाने काहीसा वाढतो. उपाय मात्र सर्वांना एकच. आधीचे मूल अशा दोषासह जन्मलेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल दिल्यावर पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटली, असे १९९१ च्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीने दाखवले. दुहेरी बदल असणाऱ्यांना साधे फॉलिक आम्ल ‘चालत नाही’ हा प्रचार अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राला मान्य नाही; सारखेच फॉलिक आम्ल घेऊन त्यांची रक्तातील फोलेटची पातळी इतरांपेक्षा सुमारे १६ टक्केच कमी राहते. आशाताई गरोदर बाईच्या हातावर ठेवतात त्या लोहाच्या लाल गोळीतले ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल दुहेरी बदल असणाऱ्यांच्याही उपयोगी पडते.

हृदय व मेंदू : मते विभागलेली. फॉलिक आम्लाने होमोसिस्टीन उतरते, पण २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेच्या चाचणीत हृदयविकार घटला नाही. चीनमध्ये मात्र वेगळे दिसले. पिठात फॉलिक आम्ल मिसळण्याची तेथे सक्ती नव्हती. तेथे उच्च रक्तदाबाच्या २०,७०२ रुग्णांत रक्तदाबाच्या गोळीसोबत फॉलिक आम्ल दिल्यावर पक्षाघाताचे प्रमाण ३.४ वरून २.७ टक्क्यांवर आले (२०१५).

चाचणी : वारंवार गर्भपात किंवा रक्ताच्या गुठळ्या यांसाठी ही जनुकचाचणी नेहमीच्या तपासात मागवू नये, असे अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल जेनेटिक्स या संस्थेने २०१३ मध्ये सांगितले. तरीही ती सर्रास लिहून दिली जाते. नैराश्य, आत्ममग्नता यांच्याशी जोडलेले संबंध अनिश्चित.

तीव्र प्रकार : विकर जवळजवळ नाहीसेच करणारी दुर्मिळ उत्परिवर्तने वेगळी. त्यांत अर्भकाच्या मेंदूला इजा होते. पेनसिल्व्हेनियातील आमिश समाजात जन्मतःच निदान करून बीटेन हे औषध सुरू केलेल्या मुलांची वाढ चांगली झाली.

इतर जनुके : आतड्यातून फोलेट शोषणारे एसएलसी४६ए१ (दोष सापडला २००६ मध्ये) आणि ते मेंदूत पोहोचवणारे एफओएलआर१ (२००९ मध्ये). दोन्हींतील दोषांवर फोलिनिक आम्ल देतात.