सातूचें मडकें आणि दुधाची घागर

परक्या देशांतील गोष्ट आपल्या लहान मुलांस सांगतांना तींतील किती बदलावें व किती राखावें, हा प्रश्न आजच्या बालवाङ्मयापुढें नव्यानें उभा राहिला आहे, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तो फार जुना आहे. एकाच कथेचा प्रवास पाहिला तरी त्याचें उत्तर बरेंच हातीं येतें.

विष्णुशर्म्यानें राजपुत्रांच्या शिक्षणासाठीं सांगितलेल्या पंचतंत्रांत, पांचव्या तंत्रामध्यें, स्वभावकृपण नांवाच्या ब्राह्मणाची कथा आहे. भिक्षेंतून उरलेल्या सातूचें मडकें खुंटीला टांगून तो त्याखालीं खाट टाकून पडतो. दुष्काळ पडला कीं सातूचे शंभर रुपये येतील. त्यांतून शेळ्या, मग गाई, म्हशी, घोड्या. पुढें सोनें, चौसोपी वाडा, रूपवती बायको आणि सोमशर्मा नांवाचा मुलगा! मूल घोड्यांच्या टापांपाशीं रांगत जाईल, बायको कामाच्या गडबडींत ऐकणार नाहीं, आणि मग आपण तिला लाथ मारूं. ती लाथ लागते मडक्याला, आणि सातूनें ब्राह्मणाचें सर्वांग पांढरें होतें.

सहाव्या शतकांत, खुस्रू नौशेरवानाच्या कारकीर्दींत, पंचतंत्र पहलवी भाषेंत गेलें. आठव्या शतकांत इब्न अल-मुकफ्फा यानें तेथून 'कलीला व दिम्ना' हा अरबी ग्रंथ केला. त्यांत ब्राह्मणाचा तापस झाला, सातूच्या जागीं तूप व मध आला, आणि लाथेऐवजीं काल्पनिक मुलावर काठी उगारली गेली. इ. स. १२५१ च्या सुमारास हा ग्रंथ स्पॅनिश भाषेंत उतरला. १३३५ मध्यें हुआन मानुएल यानें पुऱ्या केलेल्या 'काउंट लुकानोर' या ग्रंथांत तापसाची बाजारास निघालेली एक स्त्री झाली. मधाचें मडकें डोक्यावर घेऊन जातांना भावी वैभवाच्या हर्षानें हंसत ती कपाळावर हात मारते, आणि मडकें पडतें. शेवटीं १६७८ मध्यें ला फोंतेन याच्या संग्रहांत पेरेत अवतरली. चुंबळीवर दुधाची घागर घेऊन ती शहराकडे निघते. दुधाचीं अंडीं, अंड्यांचीं पिलें, पिलांचें डुक्कर, डुकराची गाय व वासरूं होतें. वासरूं कसें उड्या मारील या विचारासरशीं ती स्वतःच उडी मारते. फ्रान्समधील मुलांनीं पिढ्यान् पिढ्या ही कथा पाठ केली आहे. हा सारा मार्ग मॅक्स म्युल्लर यानें १८७० मधील एका व्याख्यानांत उलगडून दाखविला.

या फेरफारांत केवळ नांवें पालटलेलीं नाहींत, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. सातूला भाव येतो तो दुष्काळांत. ब्राह्मणाचें मनोराज्य दुसऱ्याच्या उपासमारीवर उभें आहे, आणि त्याचा शेवट लाथेंत व्हावा हें उचितच होय. पेरेत आपलें दूध स्वतःच्या पायांनीं बाजारांत नेते. तिचा अपराध एवढाच कीं, ती आनंदली. म्हणूनच ला फोंतेन तिला हंसत हंसत क्षमा करतो. पात्र बदललें तसा न्यायही बदलला. एका गोष्टीस मात्र कोणींच हात लावला नाहीं : मडकें प्रत्येक वेळीं फुटलें.

कोवळ्या मनास धक्का बसूं नये म्हणून हें फुटणेंच टाळणारे कथाकार आज पुष्कळ आढळतात. त्यांचा हेतु दयेचा आहे, परंतु दया दुसऱ्या रीतीनेंही साधतां येते. पेरोच्या १६९७ मधील कथेंत तांबड्या टोपीची मुलगी लांडग्याच्या पोटांत संपते. ग्रिम बंधूंच्या १८१२ मधील कथेंत शिकारी तिला सोडवितो. सुटका आली, पण लांडगा माणसाळला नाहीं; त्यानें तिला आधीं गिळलेंच.

आपल्याकडे सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसपनीतिकथा' १८२८ मध्यें निघाली. आज ज्यांस इसापाचें नांवही ठाऊक नाहीं, तेही कोल्ह्याला द्राक्षें आंबट म्हणून बोलून जातात. त्या कोल्ह्यास कोणी दयाळूपणें द्राक्षें काढून दिलीं असतीं, तर ही म्हण आपणांस मिळाली नसती. मुलाला सातू ठाऊक नसेल तर दूध घ्यावें, घागर ठाऊक नसेल तर दुसरें भांडें घ्यावें. पण त्यांतील जिन्नस जमिनीवर सांडलेला त्यास दिसला पाहिजे.