वेब्स्टर म्हणजे विणकरीण

घरात इंग्रजी शब्दकोश असला की वेब्स्टर हे नाव नजरेस पडतंच. नोआ वेब्स्टर यांनी १८२८ साली अमेरिकेत आपला मोठा कोश काढला, त्यांचं हे आडनाव. मी बरीच वर्षं समजत होते, असेल कुणा सरदार घराण्याचं. अर्थ पाहिला तर काय, विणकरीण!

जुन्या इंग्रजीत कामाच्या शब्दाला 'स्टर' जोडलं की ते काम करणारी बाई. विणणारी ती वेब्स्टर, पाव भाजणारी ती बॅक्स्टर, बिअर करणारी ती ब्रूस्टर. आपल्या पाटलीणबाईंसारखी ही गोष्ट नव्हे हं. पाटलीण ही पाटलाची बायको म्हणून पाटलीण. वेब्स्टर स्वतः विणायची.

पुढे इंग्लंडात आडनावं पिढीजात होऊ लागली. १३७९ च्या डोईपट्टीच्या यॉर्कशायरकडच्या याद्यांत वेब्स्टर सापडतात. उत्तरेत आणि स्कॉटलंडात हे नाव रुजलं, दक्षिणेत त्याच अर्थाचं 'वेब' जास्त. सतराव्या शतकात ते समुद्रापार गेलं. १६५६ मध्ये कनेक्टिकट वसाहतीचा गव्हर्नर जॉन वेब्स्टर होता, आणि आपले कोशकार त्याच्याच वंशातले.

मग प्रत्येक वेब्स्टर घराण्याची मूळ पुरुष एक बाई होती का? (बघा, 'मूळ बाई' असा शब्दसुद्धा आपल्याकडे नाही.) असं म्हणायचा मला फार मोह झाला, पण ते खरं नाही. आडनावं ठरेपर्यंत उत्तरेकडे विणणाऱ्या पुरुषालाही वेब्स्टरच म्हणू लागले होते. शब्दातली बाई विसरली गेली. इतकी, की शिवणारीला 'सीमस्टर' पुरेना, तिला आणखी एक स्त्रीलिंगी शेपूट लावून 'सीमस्ट्रेस' करावं लागलं.

शब्दातून गेली ती गेलीच, पण मागावरूनही तिला उठवलं. १४६१ साली ब्रिस्टलच्या विणकरांनी नियम केला, की कुणी आपल्या बायकोला, मुलीला वा मोलकरणीला विणायला बसवायचं नाही. पुरुषांचं काम जातं म्हणून. घरच्याच बायका, आणि त्यांच्यावरच बंदी!

सूत कातणं मात्र बायकांकडेच राहिलं. कातणारी ती 'स्पिन्स्टर'. सतराव्या शतकापासून कायद्याच्या कागदांत त्याचा अर्थ झाला बिनलग्नाची बाई. इंग्लंडच्या विवाहनोंदणीत तो शब्द थेट २००५ पर्यंत लिहीत होते. हातातलं काम पुसलं, नवरा नाही एवढंच उरलं.

आमच्या बेळगावात वडगावच्या एका गल्लीत मागाशेजारी कांड्या भरत बसलेल्या एका काकूंना मी विचारलं, "काकू, तुम्ही काय काम करता?"

"मी कुठलं काम करतो ओ? घरातच असतो. विणतात ते आमचे मालक."

हात चाकावरून हलला नव्हता.