काळ्या पाषाणाखालचें सोनें

लातूरच्या उत्तरेस रेणा नदीच्या कांठीं रेणापूर हें गांव आहे. रेणुकादेवीच्या देवळामुळें त्याचें नांव दूरवर माहीत आहे. तेथें विहीर खणणाऱ्यास प्रथम काळी माती लागते, मग मुरूम, मग काळा पाषाण. आणि सुरुंगानें फोडीत कितीही खोल गेलें तरी पुन्हां पाषाणच. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं तप्त लाव्हारसाचे लोंढे एकावर एक थिजत गेले, त्यांचा हा खडक. त्याच्या खालची मूळ भूमि कशी आहे, तिच्यांत कांहीं धन आहे काय, हा प्रश्न मराठवाड्याच्या शेतकऱ्यास पडण्याचें कारण नव्हतें. त्यास पाणी हवें होतें.

परंतु रेणापूरहून थेट दक्षिणेस, जवळजवळ त्याच रेखांशावर, अडीचशें किलोमीटरांवर रायचूर जिल्ह्यांत हट्टी आहे. तेथें लाव्हाचें पांघरूण नाहीं. दोनशें कोटी वर्षांहून जुने खडक उघडे पडले आहेत, आणि त्यांत सोनें आहे. या खडकांस धारवाडी हें नांव रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञानें दिलें. पण त्याच्या पुष्कळ आधीं, दोन हजार वर्षांपूर्वीं, अनामिक खाणकऱ्यांनीं तेथें जवळजवळ दोनशें मीटर खोल मजल मारली होती. ते खडकाला आगीनें तापवीत आणि तडकलेला दगड फोडून काढीत. त्यांनीं आधारास लावलेल्या लांकडांवरूनच त्यांचा काळ ठरविण्यांत आला. ना पंप, ना विजेचा दिवा. आणि त्या धुरांत माणसें कशीं तगलीं असतील याची कल्पनाच करावी!

हट्टी आणि रेणापूर हीं दोन्हीं १९४८ पर्यंत निजामाच्या एकाच संस्थानांत होतीं. संस्थानांतील खनिजांचा हक्क १८८६ मध्यें हैदराबाद डेक्कन कंपनीस मिळाला. त्यांतील भागांच्या व्यवहाराचा इतका गवगवा झाला कीं, १८८८ मध्यें विलायतेच्या पार्लमेंटास चौकशी-समिति बसवावी लागली. जमिनींतून सोनें निघण्याआधीं कागदांतून तें कसें काढतात, याचा तो धडाच होता. हट्टीची खाण पुढें १९०२ ते १९२० चालली, थांबली, आणि १९४७ मध्यें स्थापन झालेल्या नव्या कंपनीनें ती पुन्हां सुरू केली. १९५६ च्या प्रांतरचनेंत हट्टी म्हैसुराकडे गेली आणि मराठवाडा मुंबईकडे आला.

हट्टी आणि रेणापूर यांच्या मधल्या प्रदेशांत भीमेच्या खोऱ्यांतील चुनखडी लागते. घरोघरची शहाबादी फरशी ती हीच. तिच्या उत्तरेस काळा पाषाण सुरू होतो आणि जुनी भूमि दिसेनाशी होते. ती तेथेंच संपते असें मात्र नव्हे.

तिचें पहिलें स्पष्ट दर्शन मोठ्या दुःखांतून झालें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंतचतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहांटें चारच्या सुमारास, रेणापूरच्या दक्षिणेस पन्नास किलोमीटरांवरील किल्लारी भूकंपानें उध्वस्त झाली. मातींत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचीं जड माळवदें कोसळून हजारों माणसें झोपेंतच गाडलीं गेलीं. स्थिर मानलेल्या या भूमींत असें कां व्हावें, हें जाणण्यासाठीं तेथें ६१७ मीटर खोल बोअर घेण्यांत आली. ३३८ मीटरपर्यंत काळा पाषाण लागला, त्याखालीं अवघा ८ मीटर गाळाचा थर, आणि मग सुमारें अडीचशें कोटी वर्षांचा मूळ खडक. मृत्यूचें कारण शोधतांना निघालेल्या त्या दगडी कांड्यांनीं धनशोधकांसही एक माप दिलें: येथील पडदा तीनशें-साडेतीनशें मीटरांचा आहे.

हा पडदा अभेद्य नव्हे. दक्षिण ऑस्ट्रेलियांत ऑलिंपिक डॅम येथें साडेतीनशें मीटर निरुपयोगी खडकाखालीं तांब्या-सोन्याचा प्रचंड सांठा १९७५ मध्यें सांपडला. जमिनीवर त्याची खूण नव्हती. गुरुत्वाकर्षण आणि चुंबकत्व यांच्या मोजणींत जागा वेगळी दिसली, म्हणून बोअर घेतली. गंमत अशी कीं, तांबें जुन्या बेसॉल्टांतून सुटलें असावें असा शोधकांचा तर्क होता; निघाला तो लोहानें माखलेला भग्न ग्रॅनाइट! पहिल्या बोअरींत तांबें लागलें, पण १९७६ मधील दहावींत १७० मीटर जाडीचा, शेंकडा दोन भाग तांब्याचा खडक निघाला, तेव्हां खात्री पटली.

मराठवाड्यांत हें काम अधिक अवघड आहे. काळ्या पाषाणांत लोह असल्यानें तो स्वतःच चुंबकी आहे, आणि खालच्या खडकाची क्षीण खूण त्याच्या गोंगाटांत बुडते. गुरुत्वाकर्षणाची मोजणी आणि विजेच्या प्रवाहाची परीक्षा यांची जोड त्यास द्यावी लागते. किल्लारीची एक बोअर म्हणजे वाड्याच्या दारास पडलेली एक फट. तिच्यांतून आंतल्या दालनांचा हिशेब मांडणें हा उतावळेपणा होईल. नागपूर जिल्ह्यांतील पुलर-परसोडी आणि चंद्रपूरकडील ठाणेवासना येथें तांब्याचा पत्ता लागला, तो जुना खडक तेथें हातास लागतो म्हणून.

मराठवाड्यांतही असा कोपरा आहे. नांदेड जिल्ह्यांत पूर्वेस देगलूर-बिलोलीकडे काळा पाषाण विरळ होत जातो आणि ग्रॅनाइटच्या टेकड्या वर येतात. रेणापूरच्या विहिरींखालीं जें दडलें आहे त्याच्या जातीचा खडक तेथें गुराख्याच्या पायांखालीं आहे. शोध घ्यावयाचा तर प्रथम तेथें हातोडा घेऊन हिंडावें, आणि मग पश्चिमेस, पाषाणाखालीं, पावलापावलानें यावें.